विश्लेषण : समीक्षकांच्या जागा कमी होत असताना समीक्षा स्पर्धेत का उतरायचं?

पहिला शो संपायच्या आत सिनेमावरची रील्स तुमच्या मोबाइलवर येऊन धडकतात. मग 800 शब्दांचं परीक्षण लिहिणाऱ्याला आज बक्षीस कोण देईल? ब्रिटनमध्ये अशी एक स्पर्धा आहे आणि ती खास नवोदितांसाठी आहे.

स्पर्धा काय आहे?
‘ऑब्झर्व्हर’ हे रविवारचं वृत्तपत्र आणि मँचेस्टरमधलं इंटरनॅशनल अँथनी बर्जेस फाउंडेशन यांनी 2012 मध्ये कला पत्रकारितेचा पुरस्कार सुरू केला. पुस्तक, सिनेमा, नाटक, संगीत, प्रदर्शन अशा कुठल्याही नव्या कलाकृतीवर 800 शब्दांपर्यंतचं अप्रकाशित परीक्षण पाठवायचं. विजेत्याला 3,000 पौंड, म्हणजे तीन लाख रुपयांहून अधिक रक्कम मिळते. शिवाय लेख ‘ऑब्झर्व्हर’मध्ये छापून येतो. नवख्या लेखकासाठी हे नाव पैशांइतकंच मोलाचं असतं.

मग अडचण कुठे आहे?
स्पर्धा दार उघडते, पण दारापलीकडची खोली लहान होत चालली आहे. असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने सप्टेंबर 2025 पासून आपली साप्ताहिक पुस्तक परीक्षणं बंद केली. म्हणजे एक बक्षीस जिंकलं की समीक्षकाची नोकरी मिळेल, हे गणित आता जुळत नाही.

तरी का लिहायचं?
कारण स्पर्धा जे मागते, ते रीलमध्ये क्वचितच सापडतं. कथा सांगण्यातच 500 शब्द संपवले, तर मत मांडायला जागा उरत नाही. ‘मस्त’, ‘अप्रतिम’ म्हणून भागत नाही. कुठल्या प्रसंगामुळे तसं वाटलं, हे दाखवावं लागतं. ही सवय पुढे कुठल्याही लेखनात कामी येते.

बर्जेस यांच्या नावातला धडा
‘अ क्लॉकवर्क ऑरेंज’चे लेखक असलेले बर्जेस ‘ऑब्झर्व्हर’साठी परीक्षणं लिहीत. 1963 मध्ये मात्र ‘यॉर्कशायर पोस्ट’ने त्यांना परीक्षक म्हणून काढून टाकलं होतं. टोपणनावाने आलेल्या स्वतःच्याच कादंबरीचं परीक्षण त्यांनी लिहिलं होतं! ज्या समीक्षकाची अशी चूक झाली, त्याच्याच नावाने आज हा पुरस्कार दिला जातो. पैसे घेऊन सिनेमाला पाच तारे दिल्याचे आरोप होतात, त्या काळात ही गोष्ट लक्षात ठेवायला हवी. समीक्षकाची खरी कमाई म्हणजे वाचकाचा विश्वास.

भाग घ्यायचा असेल तर?
त्या वर्षीचे नियम, पात्रता आणि शुल्क आधी तपासा. छापलेल्या लेखाचे हक्क कोणाकडे जातात, तेही वाचा. ज्या कलाकृतीबद्दल तुम्हाला खरंच काही म्हणायचं आहे, तीच निवडा. गाजतेय म्हणून नको. आणि निकाल काहीही लागो, तुमच्या हातात एक पूर्ण परीक्षण असेल. पुढच्या संपादकाला दाखवायला ते पुरेसं आहे.