टँकरची विहीर आणि फोनचं नेटवर्क

एप्रिल-मेमध्ये शहापूर किंवा मुरबाडच्या एखाद्या पाड्यावर गेलात तर हे नक्की दिसेल. टँकर येतो, विहिरीत पाइप सोडतो आणि पाणी पुरतं पडायच्या आत सगळ्या दोऱ्या खाली सुटतात. दहा मिनिटांत तळ ढवळून पाण्याचा चहा होतो. खर्डीच्या पलीकडे मामाकडे असताना मीही ती दोरी ओढलीय.

पुढे इंजिनिअरिंगला गेम थिअरी वाचताना आठवली ती हीच विहीर. हिशोब बघा. टँकर १० हजार लिटरचा आणि घरं ५० धरू. सगळे तासभर थांबले तर गाळ बसेल आणि प्रत्येकाला २०० लिटर स्वच्छ पाणी मिळेल. पण बाकीचे थांबले तर मी आधी धावून ४०० लिटर नेऊ शकतो. आणि बाकीचे धावणार असतील तर थांबून माझ्या वाट्याला फक्त चिखल. म्हणजे दुसऱ्यांनी काहीही केलं तरी माझ्यासाठी धावणंच शहाणपणाचं. प्रत्येक घर हेच गणित मांडतं, आणि सगळे मिळून गढूळ पाणी पितात. यात कुणी वाईट नाही, हे महत्त्वाचं. गॅरेट हार्डिनने १९६८ साली सामायिक कुरणाबद्दल हेच मांडलं होतं.

आता तुमच्या हातातला फोन घ्या. ऑक्टोबर १९८६ मध्ये अमेरिकेत बर्कलेला जेमतेम ४०० यार्डांवरच्या दोन ठिकाणांमधला नेटचा वेग सेकंदाला ३२ हजार बिट्सवरून ४० बिट्सवर आला. वायर तुटली नव्हती. लाइन तुंबली की प्रत्येक कॉम्प्युटर तोच डेटा पुन्हा पुन्हा ढकलत होता. विहिरीवरची झुंबडच! व्हॅन जेकबसनने यावर जो उपाय केला, तो १९८८ मध्ये मांडला: सगळं ठीक असेल तर वेग हळूहळू वाढवायचा, पॅकेट हरवलं की झटकन कमी करायचा. त्याचे सुधारलेले अवतार आजही आपल्या फोनमध्ये आहेत. गंमत म्हणजे हा नियम पाळायची सक्ती कुणी करत नाही. एका फाइलसाठी आठ-दहा कनेक्शन उघडणारा डाउनलोड मॅनेजर हॉस्टेलच्या वायफायवर तेवढे जास्त वाटे उचलतो. (मी केलंय. रूममेटने शिव्या घातल्या.)

हार्डिनला वाटत होतं की अशा वेळी एकतर सरकार हवं, नाहीतर खासगी मालकी. एलिनॉर ऑस्ट्रॉमने जगभरची गावं अभ्यासून दाखवलं की लोक स्वतःही नियम बनवतात आणि पाळतात. २००९ चं अर्थशास्त्राचं नोबेल तिला मिळालं. आपल्याकडे हिवरे बाजारने शेतीसाठी बोअर मारायला बंदी घातली, दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडला.

पण शहापूरला हे जसंच्या तसं लागू करताना मी अडखळतो. कारण इथे सगळे खेळाडू सारखे नाहीत. तानसा धरण १८९२ चं, मुंबईसाठी बांधलेलं. मुंबईचं जवळपास निम्मं पाणी एकट्या भातसाचं. दोन्ही याच तालुक्यात. मुरबाडचं बारवी एमआयडीसीचं. त्याचं पाणी कारखान्यांना आणि खालच्या शहरांना जातं. वरचे पाडे धरणापेक्षा उंचावर आहेत, त्यामुळे पाणी पंपाने चढवावं लागतं. म्हणूनच इगतपुरीच्या भावली धरणातून उताराने शहापूरला पाणी आणायची योजना निघाली. धरणं आपल्या तालुक्यात आणि पाणी नाशिक जिल्ह्यातून! पाड्यावरच्या ५० घरांना 'संयम ठेवा' सांगणं सोपं आहे, पण जिथे पाणी वाटलं जातं त्या टेबलावर त्यांना खुर्चीच नाही. ऑस्ट्रॉमच्या यादीत ही अट होती: ज्यांच्यावर नियम लागू होतो, त्यांना तो बदलता आला पाहिजे.

मामाच्या पाड्यावर आता बायकांनीच पद्धत पाडलीय. हंडे ओळीने लावायचे, टँकर गेल्यावर तासभर दोरी नाही, पहिल्या फेरीत घरटी चार हंडे. राखणीला मामी बसते. लग्नघर असेल तर आठ हंडे, पण ते आदल्या दिवशी सांगायचं.