झोप बंद करणे हा उपाय नव्हे

काम थोडा वेळ थांबले की संगणकाचा मॉनिटर काळा पडावा आणि कळफलकावर बोट ठेवताच तो पूर्ववत उजळावा, ही व्यवस्था आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे की, ज्या दिवशी तो उजळत नाही त्या दिवशी घरातला विद्यार्थी काय किंवा तहसील कचेरीतला कारकून काय, दोघेही एकाच निष्कर्षाला येतात : मॉनिटर गेला. मग बटण दाबून धरून संगणक सक्तीने बंद केला जातो. आणि हाच प्रकार पुन्हा घडू लागला की जाणकार म्हणून बोलावलेला गृहस्थ ‘स्लीप’ची सोयच कायमची बंद करून जातो. हा उपाय सर्वत्र रूढ झाला असला तरी माझ्या मते तो त्याज्य आहे, कारण त्याने दोष नाहीसा होत नाही, केवळ झाकला जातो.

ही सोय ज्या हेतूने निर्माण झाली तो किरकोळ नव्हता. १९९२ साली अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने ‘एनर्जी स्टार’ योजना सुरू केली तेव्हा तिच्या कक्षेत सर्वप्रथम संगणक आणि मॉनिटरच घेतले गेले, कारण माणसे कचेरीतून उठून गेल्यावरही ही यंत्रे वीज खात राहत. पुढच्याच वर्षी ‘व्हेसा’ या मानके ठरवणाऱ्या संस्थेने मॉनिटरला विश्रांतीचा हुकूम कसा द्यावा याचे नियम घालून दिले, आणि १९९६ मध्ये इंटेल, मायक्रोसॉफ्ट व तोशिबा यांनी ‘एसीपीआय’ या नावाने संपूर्ण संगणकाच्या निद्रेच्या पायऱ्या निश्चित केल्या.

जुन्या काचनळीच्या मॉनिटरला, समक्रमणाचे संकेत थांबले की झोपावे आणि ते पुन्हा आले की उठावे, एवढेच ठाऊक असे. एचडीएमआय किंवा डिस्प्लेपोर्टने जोडलेल्या आजच्या मॉनिटरचे तसे नाही. तो केबलमधील एका स्वतंत्र तारेवरून आपण हजर असल्याची खूण देतो, संगणक त्याच्याकडून त्याच्या क्षमतांचा तपशील वाचून घेतो, आणि मगच चित्र रवाना होते. काही मॉनिटर निद्रेत इतके खोल जातात की ही हजेरीची खूणच बंद पडते; मॉनिटर कोणी काढून नेला असे संगणक धरून चालतो, आणि मॉनिटर मात्र संकेताची वाट पाहत अंधारात राहतो. अशा वेळी दोन्ही यंत्रे धडधाकट असतात; बिघाड असतो तो त्यांच्यातील व्यवहारात.

म्हणून पहिली खातरजमा ही की झोपले आहे कोण. कॅप्स लॉकची कळ दाबल्यावर तिचा दिवा लागत-विझत असेल तर संगणक बहुधा जागा आहे, आणि मग त्याची वीज तोडणे हा निव्वळ अन्याय होय. दिवा हलत नसेल तर संगणकाचे बटण एकदा, क्षणभरच दाबावे. प्रचलित निद्रावस्थेत अपुरे राहिलेले काम स्मृतीत, विजेच्या आधारावर, जिवंत असते, आणि बटण दाबून धरले की जतन न केलेला मजकूर कायमचा जातो. मॉनिटरचे स्वतःचे मेन्यू बटण दाबून त्याची यादी पडद्यावर उमटली तर पडदाही शाबूत आहे. तेव्हा त्याच यादीत ज्या मार्गाने केबल जोडली आहे तोच मार्ग निवडलेला आहे ना, हे पाहावे. केबल काढून पुन्हा घट्ट बसवल्याने हजेरीची खूण नव्याने जाते आणि पुष्कळदा तेवढ्यानेच चित्र परतते. विंडोज असेल तर विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी या चार कळा एकत्र दाबल्याने ग्राफिक्सचा ड्रायव्हर काम न गमावता पुन्हा सुरू होतो. काळ्या पडद्यावर टॉर्च तिरपा धरून पुसट चित्र दिसले, तर मात्र मागचा प्रकाश गेला असे समजावे. ते काम दुरुस्ती करणाऱ्याचेच.

तक्रार वारंवार येत असेल तर मॉनिटरच्या यादीतील ‘डीप स्लीप’ तेवढी बंद करावी, ग्राफिक्सचा ड्रायव्हर अद्ययावत करावा आणि केबल बदलून पाहावी. संगणकाची निद्रा अबाधित ठेवूनही दोष हटतो, आणि माझा आग्रह नेमका याच भेदाविषयी आहे.

निर्मात्यांनाही यातून मोकळे सोडता येणार नाही. मराठी प्रदेशात विकल्या जाणाऱ्या मॉनिटरच्या खोक्यात ही एवढी तपासणी एका पानावर मराठीत छापून देणे त्यांना मुळीच जड नाही. केंद्राचे ई-कचऱ्याविषयीचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून अमलात आहेत आणि जुन्या यंत्रांच्या विल्हेवाटीची जबाबदारी ते उत्पादकांवर टाकतात. परंतु चांगले यंत्र कचऱ्यात जाऊच नये, याची पहिली जबाबदारी ते वापरणाऱ्या कचेरीची आहे. दुसऱ्या केबलवर आणि दुसऱ्या संगणकावर तपासल्याखेरीज कोणताही मॉनिटर निर्लेखनाच्या यादीत घालू नये, असा लेखी आदेश प्रत्येक कार्यालयप्रमुखाने काढावा.