पित्ताशयाचा कर्करोग आणि रक्तातली खूण

"डॉक्टर, फुल बॉडी चेकअपमध्ये कॅन्सर मार्करपण केलाय. सीए १९-९ नॉर्मल आलंय. म्हणजे पित्ताशयाची काळजी नाही ना?" काळेवाडीतल्या माझ्या दवाखान्यात हा प्रश्न हल्ली वरचेवर येतो. तसं खात्रीने म्हणता येत नाही, एवढंच उत्तर मला देता येतं.

हा आजार फसवा आहे. सुरुवातीला त्रास नसतोच. झाला तर जेवणानंतर पोट जड होतं, उजव्या बरगडीखाली दुखतं आणि आपण ॲसिडिटीच्या गोळ्या खातो. कावीळ दिसते, वजन उतरतं, तोवर रोग बहुतेकदा यकृतात शिरलेला असतो. गंगेच्या खोऱ्यात तो आपल्यापेक्षा बराच जास्त, आणि पुरुषांपेक्षा बायकांना अधिक. तिकडून कारखान्यांत कामाला आलेली कितीतरी कुटुंबं आपल्या शेजारी राहतात, म्हणून हा विषय आपलाही.

लवकर सापडेल अशी प्रथिनांची खूण शोधायचं काम आपल्याकडे चालू आहे. बंगळुरूच्या इन्स्टिट्यूट ऑफ बायोइन्फर्मॅटिक्सच्या संशोधकांनी २०१४ साली गाठीतली आणि निरोगी पित्ताशयातली प्रथिनं ताडून पाहिली. प्रोसॅपोसिन आणि ट्रान्सजेलिन ही दोन नावं पुढे आली. मुंबईच्या टाटा मेमोरियलने २०१७ साली काही भारतीयांत धोका वाढवणारे जनुकीय फरक दाखवले. चांगलं काम आहे. पण गाठीत वाढलेलं प्रथिन रक्तातही वेळेवर दिसेलच असं नाही.

आणि दिसलं तरी गणित आडवं येतं. समजा, चाचणी ९० टक्के अचूक आहे आणि १०,००० लोकांत १० जणांना रोग आहे. चाचणी ९ जणांना पकडेल, पण ९९९ निरोगी माणसांनाही 'पॉझिटिव्ह' सांगेल. त्यांचं सीटी स्कॅन, त्यांची झोप, त्यांचा खर्च कोण बघणार? सीए १९-९ तर साध्या खड्याने पित्तनळी अडली तरी वाढतं. म्हणून अशी पॅकेजेस निरोगी माणसाला विकणं मला पटत नाही. ते पैसे, लक्षणं असतील तर, पोटाच्या सोनोग्राफीला द्या. खडे असलेल्या बहुतेकांना कर्करोग होत नाही, हेही लक्षात असू द्या. मात्र ३ सेंटीमीटरहून मोठा खडा किंवा १ सेंटीमीटरहून मोठा पॉलिप असेल तर सर्जनला भेटायला टाळाटाळ नको.

माझ्या एका पेशंट ताईंचं खड्यांचं ऑपरेशन झालं. खडे डबीत घालून घरच्यांना दिले, त्यांनी ते कौतुकाने मला दाखवलेही. काढलेली पिशवी मात्र पॅथॉलॉजीला गेलीच नव्हती. आठ महिन्यांनी त्या कावीळ घेऊन आल्या. पिशवीच्या भिंतीतला कर्करोग अनेकदा अशा तपासणीतच पहिल्यांदा सापडतो. अगदी वरच्या थरात असेल तर झालेलं ऑपरेशनच पुरतं, थोडा खोल असेल तर पुन्हा ऑपरेशन करून वाचवता येतं. त्या ताईंना ती संधी मिळाली नाही.

तुमचं किंवा घरच्यांचं पित्ताशय काढायचं ठरलं असेल तर सर्जनला आधीच विचारा, "पिशवी बायोप्सीला पाठवणार ना?" आणि तो रिपोर्ट हातात घेऊन एकदा माझ्याकडे या.