संगणक शिकायला निघालात? कॅल्क्युलेटर साधाच घ्या

बारावीचा निकाल लागला, कॉम्प्युटर सायन्सला प्रवेश पक्का झाला, की घरोघरी खरेदीची यादी सुरू होते. लॅपटॉप, बॅग, होस्टेलचे सामान, आणि त्यात एक ओळ कॅल्क्युलेटरची. दर वर्षी काही पालक आवर्जून विचारतात, "सर, कोणता घेऊ? मुलगी कॉम्प्युटरला चालली आहे, तेव्हा भारीतलाच घ्यावा ना?"

माझे मत स्पष्ट आहे. भारीतला घेऊ नका. संगणक शिकणाऱ्याला कॅल्क्युलेटर लागतो तो मुख्यतः परीक्षेच्या हॉलमध्ये. एरवी त्याच्यासमोर संगणक असतोच. म्हणून खरेदीचा पहिला निकष दुकानदार सांगेल तो नसून कॉलेजचा परीक्षा-नियम आहे. आपल्याकडच्या बहुतेक विद्यापीठांत नॉन-प्रोग्रॅमेबल सायंटिफिक कॅल्क्युलेटरच चालतो. ज्यात प्रोग्रॅम किंवा मजकूर साठवता येतो, ते यंत्र पर्यवेक्षक बाहेर ठेवायला लावतात. अमेरिकेतल्या शाळांत टीआय-८४ सारखे आलेख काढणारे कॅल्क्युलेटर सर्रास वापरतात. मुले ते व्हिडिओत पाहतात आणि हट्ट धरतात. इथे त्याचे पैसे वाया जातील. प्रवेश झाल्यावर आधी नियम विचारा, मग दुकानात जा.

मग पाहायचे काय? एकच गोष्ट विसरू नका: बेस-एन मोड. यात आकडा दशमान, द्विमान, अष्टमान आणि षोडशमान अशा चारही पद्धतींत बदलता येतो. डिजिटल इलेक्ट्रॉनिक्स आणि कॉम्प्युटर ऑर्गनायझेशन या विषयांत याचे काम रोजचे. शिवाय मॅट्रिक्स, संमिश्र संख्या आणि सांख्यिकी असावे. कॅसिओच्या एफएक्स-९९१ मालिकेत हे सगळे मिळते. त्याच कंपनीच्या स्वस्त एफएक्स-८२एमएसमध्ये बेस-एन नाही, हे घेण्यापूर्वी लक्षात ठेवा. घरात मोठ्या भावाचा किंवा ताईचा जुना ९९१ पडला असेल, बटणे आणि पडदा ठीक असेल, तर नवा घेण्याची काहीच गरज नाही.

यंत्र हातात आले की ते ओळखून घ्या. साइन ३० चे उत्तर ०.५ ऐवजी उणे ०.९८८ आले, तर यंत्र बिघडलेले नाही, ते रेडियनमध्ये आहे. बेस-एनमध्ये ७ भागिले २ केले तर उत्तर ३ येते, कारण तिथे फक्त पूर्णांक चालतात. सी भाषेतही पूर्णांकांचा भागाकार असाच होतो. याच मोडमध्ये दशमानातला सर्वांत मोठा आकडा २१४७४८३६४७ आहे, म्हणजे २ चा ३१ वा घात वजा १. त्यात १ मिळवला की कॅल्क्युलेटर चूक दाखवून थांबतो. जावा भाषेत मात्र हीच बेरीज काही न बोलता उणे २१४७४८३६४८ होते. असे का, हा प्रश्न ज्याला पडला, त्याचा संगणकाचा अभ्यास खरा सुरू झाला.

आणि इथेच माझा मुख्य मुद्दा आहे. बटण दाबून १३ चे ११०१ होते, पण कसे होते ते बटण शिकवत नाही. दोनाने भागत जा, बाक्या खालून वर लिहा, चार ओळींत उत्तर. आम्ही हिंदी माध्यमात याला 'द्विआधारी' म्हणत शिकलो, मराठीत 'द्विमान' म्हणतात. नाव काहीही असो, रीत हातात बसलेली हवी. जेईई मेनमध्ये कॅल्क्युलेटर नाहीच. गेट परीक्षेत स्वतःचा नेता येत नाही, पडद्यावर दिलेला माऊसने चालवावा लागतो. सवयीची बटणे तिथे सोबतीला नसतात.

देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर (१९०५-१९८६) यांनी ६१७४ या संख्येचा गुण शोधला तो कागद-पेन्सिलीने. चारही अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्या, अंक उतरत्या व चढत्या क्रमाने लावून वजाबाकी करा, आलेल्या उत्तराला पुन्हा तेच करा. ३५२४ पासून ३०८७, मग ८३५२, मग ६१७४. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत तिथेच पोहोचता. कॅल्क्युलेटर यातली वजाबाकी तेवढी करतो. अंक लावणे, पुन्हा करणे, कुठे थांबायचे ते ठरवणे, हे तुमचे काम, आणि प्रोग्रॅमिंग म्हणजे हेच काम.

विश्वस्त मंडळाला माझी एक विनंती आहे. शाळेच्या ग्रंथालयात बेस-एन असलेले दहा कॅल्क्युलेटर ठेवावेत आणि कॉलेजला जाणाऱ्या गरजू मुलांना ते पुस्तकांसारखे वर्षभरासाठी द्यावेत. शिक्षण पूर्ण झालेल्या माजी विद्यार्थ्यांकडे असे यंत्र कपाटात पडून असते. त्यांनी ते शाळेला द्यावे. अकरावी-बारावीच्या गणिताच्या तासांना मात्र कॅल्क्युलेटर बंदच राहील, याला पालकांनी साथ द्यावी. वाचलेल्या पैशांत मुलांना डिस्क्रीट मॅथेमॅटिक्सचे एक चांगले पुस्तक घेऊन द्या. ते चारही वर्षे उपयोगी पडेल.