गडाचे नाव आणि शाळेची वाट

मार्च २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने वेल्हे तालुक्यास ‘राजगड’ हे नाव देण्याचा निर्णय घेतला. नावाला आमचा विरोध नाही. किंबहुना ते नवेही नाही. जुन्या भोर संस्थानाच्या पाच तालुक्यांत राजगड होता आणि तोरण्याच्या नावाने प्रचंडगडही होता. गडांची नावे तालुक्यांस देण्याची रीत येथे जुनीच आहे. त्या गडांच्या पायथ्याच्या मुलास हायस्कुलापर्यंत नेण्याची रीत मात्र जुन्या काळी कोणी घातली नाही, आणि आज तिची पुन्हा आठवण करून द्यावी लागत आहे.

वसाहतकालीन शिक्षणाचा इतिहास लिहिण्याची आपली एक ठरीव पद्धत आहे. १८५४चा वुडचा खलिता, १८५७चे मुंबई विद्यापीठ, १८५९ची पहिली मॅट्रिक, १८८०चे पुण्याचे न्यू इंग्लिश स्कूल. मग संस्थापकांच्या तसबिरी आणि नामवंत माजी विद्यार्थी. ख्रिस्ती संस्थांच्या स्मरणिकाही याला अपवाद नाहीत. पुण्याच्या कॅम्पात १८६७ साली सुरू झालेल्या सेंट व्हिन्सेंट्स हायस्कूलचा आपणांस अभिमान वाटतो, तो रास्तच आहे. परंतु वर्गात बसलेल्यांचीच हजेरी घेणारा इतिहास हा अर्धा इतिहास होय. पुण्यातील मिशनच्या शाळाही शहराच्या आणि छावणीच्याच आश्रयाने वाढल्या, हे आपण मान्य केले पाहिजे.

भोर-वेल्ह्याच्या खोऱ्यांतील मुले त्या हजेरीपटाबाहेर का राहिली? बुद्धी कमी होती म्हणून? मुळीच नाही. गावच्या मराठी शाळेतून व्हर्नाक्युलर फायनलपर्यंत गेलेला मुलगा फार तर शाळामास्तर किंवा तलाठी व्हावयाचा. मॅट्रिकचा रस्ता इंग्रजी इयत्तांतून जाई, आणि त्या इयत्ता गावात नसत. त्यांची फी निराळी. सर्वांत मोठी अडचण होती ती पोटाची. पुण्यात गरीब ब्राह्मण मुलास माधुकरी होती, वार लावून जेवण्याची सोय होती. तोरण्याखालच्या कुणब्याच्या, धनगराच्या, महादेव कोळ्याच्या मुलाने कोणाच्या घरी वार लावावा? आणि महाराच्या मुलास तर कोणाच्या ओटीवर बसू दिले असते?

हा प्रश्न आम्ही आज मागाहून शहाणे होऊन विचारीत आहोत, असे नाही. १९ ऑक्टोबर १८८२ रोजी जोतीराव फुल्यांनी हंटर आयोगास सादर केलेल्या निवेदनात तो मांडलेला आहे. रयतेच्या घामाचा पैसा वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो, ही त्यांची तक्रार. बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, ही त्यांची मागणी. स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेला हा पुरुष, शाळेबाहेर राहिलेल्यांना विसरला नाही.

कोणी म्हणेल, त्या काळी याहून अधिक काय करता आले असते? याचे उत्तर शेजारच्या सातारा जिल्ह्याने दिले आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापिली. मुलाच्या राहण्याजेवणाची सोय हाच शिक्षणाचा पाया, हे ओळखून त्यांनी सर्व जातींच्या मुलांसाठी वसतिगृहे चालविली. त्यांचे पहिले हायस्कूल साताऱ्यास १९४० साली, म्हणजे नंतर, उघडले. आधी भाकरी, मग इमारत, हा तो क्रम होता.

तो क्रम आज उलटा होऊ पाहत आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये शिक्षण खात्याने वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांऐवजी समूहशाळांचे प्रस्ताव मागविले, आणि आदर्श म्हणून तोरणमाळबरोबर नाव घेतले ते याच वेल्ह्यातील पानशेतचे. मोठ्या शाळेत शिक्षक अधिक, मुलांना सोबती अधिक, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु ज्या तालुक्यात पावसाळ्यात दरडी कोसळतात, तेथे मुलाचे शिक्षण एका बसच्या फेरीवर टांगून ठेवणे हे धोरण नव्हे. बस चुकू लागली की घरी राहावयाची पाळी प्रथम मुलीवर येते.

म्हणून आमचे मागणे साधे आहे. वसतिगृह उभे राहिल्याशिवाय आणि बारमाही रस्ता झाल्याशिवाय वाडीवरच्या शाळेला कुलूप लावू नये. आणि ज्या संस्था, आपल्याही, जुन्या इतिहासाचा उत्सव करतात, त्यांनी पुढच्या स्मरणिकेचा खर्च वाचवून डोंगरातल्या चार मुलांच्या राहण्याजेवणाची सोय करावी. हजेरीपटावर आजवर न चढलेल्या नावांचे ते ऋण आहे.