पैसे मोजले, पण कुस्ती निकाली झाली का?

२ मे २०१५ ची मेवेदर आणि पॅकियाओ या मुष्टियोद्ध्यांची लढत घरबसल्या पाहायला अमेरिकेत सुमारे १०० डॉलर मोजावे लागले. बारा फेऱ्या झाल्या, निकाल गुणांवर लागला. पॅकियाओचा खांदा आधीच दुखावलेला होता, हे प्रेक्षकांना नंतर कळले. ही फसगतच म्हणायची.

याउलट, परभणी जिल्ह्यातल्या जत्रांत कुस्त्यांचा फड लोकवर्गणीतून उभा राहतो. नारळावरच्या पोरांच्या कुस्तीपासून शेवटच्या मानाच्या कुस्तीपर्यंत सारे मातीच्या कडेला बसून पाहतात. मल्ल नुसतीच खडाखडी करू लागले, की "निकाली करा!" म्हणून गाव ओरडते. कुस्ती बरोबरीत सुटली तर इनाम वाटून जाते. पडद्यासमोरच्या प्रेक्षकाला असा हक्क कुठे? आयोजकांनी दुखापत लपवली, तर त्याचे पैसे परत मिळालेच पाहिजेत.