चष्मा लागला म्हणून मैदान सोडायचं?

आपल्याकडे पोराला चष्मा लागला की घरात दोन-चार दिवस सुतक असल्यासारखं वातावरण असतं. पोरीला लागला तर विचारूच नका. आजी म्हणते, "पोरीच्या जातीले आतापासून चष्मा, मंग लगन कसं होईन?" वडील म्हणतात, मोबाइलमुळे झालं. आई बिचारी गाजराचा कीस काढायला बसते. आणि एवढं सगळं झाल्यावर जो निर्णय होतो, तो ठरलेला असतो. "आता खेळणं बंद. चष्मा फुटला तर डोळ्यात काच जाईल."

मैत्रिणींनो, माझा वाद या शेवटच्या वाक्याशी आहे. बाकीचं होत राहील.

बचत गटाच्या कामानं आसेगावात आणि आजूबाजूच्या खेड्यांत माझं जाणं-येणं असतं. गेल्या काही वर्षांत एक गोष्ट डोळ्यांत भरते. आमच्या भागातल्या पोरी आता मैदानावर दिसतात. पहाटे रस्त्यावर भरतीच्या तयारीला पळणाऱ्या मुली, शाळेच्या पटांगणात खो-खो, कुठं कुठं चक्क क्रिकेट. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. तो आपल्या मुलींनी जिंकला आणि त्यांची कर्णधार होती महाराष्ट्राची प्रियंका इंगळे. नोव्हेंबरमध्ये नवी मुंबईत मुलींनी क्रिकेटचा विश्वचषकही घेतला. त्यानंतर तर धाकट्या भावाची बॅट ताईच्या हातात गेलेली मी पाहिली आहे. हे सगळं इतक्या कष्टानं जुळून येत असताना, केवळ नाकावर चष्मा बसला म्हणून मुलीला घरी बसवायचं, हे मला पटत नाही.

एका गावात खो-खोच्या संघातली आठवीतली मुलगी अशीच बसवली. चपळ पोरगी. पण हल्ली ती खांबाकडे पळणारा गडी ओळखण्यात चुकायला लागली होती. सर म्हणायचे, लक्ष नाही. घरचे म्हणायचे, अंगात आळस भरला. तपासलं तर दोन्ही डोळ्यांना मायनस दोनच्या वर नंबर. मायनस दोन म्हणजे काय, हे मी मुद्दाम समजून घेतलं. एवढा नंबर असलेल्या मुलाला चष्म्याविना साधारण अर्ध्या मीटरपर्यंतच स्वच्छ दिसतं. दीड-पावणेदोन फूट! त्यापुढचं सगळं जग धुकटात. आणि खो-खोच्या मैदानात दोन खांबांमधलं अंतर असतं चोवीस मीटर. ती पोरगी इतके दिवस अंदाजानंच पळत होती. तिला शाबासकी द्यायची की मैदानातून काढायचं, तुम्हीच सांगा. तिच्या आईचं म्हणणं मात्र साधं होतं. "काकू, डोळा गेला तर पुन्हा येते का?" या प्रश्नाला हसून चालणार नाही. तिची भीती खरी आहे, फक्त तिच्यावरचा उपाय वेगळा आहे.

भीती खरी का म्हणते? साध्या काचेचा चष्मा घालून चेंडू तोंडावर घेतला तर काच फुटून इजा होऊ शकते. पण बिनचष्म्याचा डोळाही काही सुरक्षित नसतो. आपल्या गावाकडे पोरांच्या डोळ्यांना होणाऱ्या इजांत विटी-दांडू हा जुना गुन्हेगार आहे. बॅडमिंटनचं फूल दिसायला हलकं, पण ते नेमकं डोळ्याच्या खोबणीत बसतं. भारताचा यष्टिरक्षक सबा करीम याला २००० साली ढाक्याच्या सामन्यात कुंबळेचा चेंडू डोळ्यावर लागला आणि त्याची कारकीर्द तिथंच संपल्यासारखी झाली. त्यानं काही चष्मा लावलेला नव्हता. म्हणजे चष्मा काढून खेळवल्यानं पोर सुरक्षित होत नाही. उलट येणारा चेंडू त्याला उशिरा दिसतो.

उपाय आहे तो लेन्स कशाची आहे यात. पॉलिकार्बोनेट नावाचं एक प्लॅस्टिक असतं. आदळआपट सोसणारं, वजनाला हलकं, सहसा न फुटणारं. त्याची नंबरची लेन्स बनते. दुकानात आपण "स्वस्तात काय आहे" विचारतो आणि दुकानदार जे समोर ठेवतो ते घेतो. पोरगं खेळणारं असेल तर तोंड उघडून सांगायचं, "पॉलिकार्बोनेटची द्या." बिलावर तसं लिहूनही घ्यायचं. फ्रेम धातूची, टोकदार काड्यांची नको. नाकाशी रबर असलेली, प्लॅस्टिकची, चेहऱ्यावर घट्ट बसणारी हवी. मागून इलॅस्टिकचा पट्टा लावला की पळताना चष्मा जागचा हलत नाही. ज्यांना जमेल त्यांनी खेळासाठीचा गॉगलसारखा वेगळा चष्मा करावा. त्याच्या कडा गादीसारख्या असतात आणि नंबरही त्यातच बसवता येतो. वाशीमला मिळाला नाही तर अकोल्याला किंवा अमरावतीला चौकशी करा. साध्यापेक्षा महाग पडतो, हे कबूल. पण एका हळदी-कुंकवाच्या वाणात आणि वाढदिवसाच्या केकमध्ये आपण काय घालवतो, ते मला ठाऊक आहे. मीही त्याच गावात राहते.

ज्या मुलाचा एक डोळा चांगला आणि दुसरा अधू आहे, त्याच्यासाठी तर हा चष्मा चैन नाहीच. त्याच्याकडे राखीव डोळा नाही. अशा मुलानं नंबर कमी असो की जास्त, खेळताना पॉलिकार्बोनेटचं संरक्षण लावलंच पाहिजे. आणि एक डोळा अधू आहे हे कित्येकदा पोरालाच ठाऊक नसतं. दोन्ही डोळे उघडे असताना चांगल्या डोळ्यावर त्याचं भागतं. घरी एक साधी परीक्षा करा. भिंतीवरचं कॅलेंडर आठ-दहा फुटांवरून वाचायला लावा. आधी एक डोळा तळहातानं झाकून, मग दुसरा. डोळा दाबायचा नाही, नुसता झाकायचा. दोन्हींत फरक आढळला तर वाट बघू नका. असा आळशी डोळा सहा-सात वर्षांच्या आत सापडला तर सुधारण्याची आशा जास्त असते. पुढं अवघड होत जातं.

कबड्डी आणि कुस्तीत मात्र चष्मा चालत नाही. अंगाला अंग भिडतं, समोरच्यालाही लागू शकतं. तिथं मुलं कॉन्टॅक्ट लेन्सचं विचारतात, त्यातही मुली जास्त, कारण चष्मा "दिसत" नाही. लेन्स वाईट नाही. जबाबदारीनं वागणाऱ्या तेरा-चौदा वर्षांच्या मुलीला डॉक्टर देऊ शकतात. पण माझं मन इथं थोडं कचरतं, आणि कारण आपल्या भागाचं आहे. लेन्स लावताना-काढताना हात साबणानं स्वच्छ हवेत आणि कोरडे हवेत. ती नळाच्या किंवा विहिरीच्या पाण्यानं कधीच धुवायची नाही, तिच्या खास द्रावणानंच धुवायची. लेन्स लावून झोपायचं नाही, पोहायचं नाही. यात हयगय झाली तर बुबुळाला जंतुसंसर्ग होऊन नजर जाऊ शकते. उन्हाळ्यात जिथं हंडाभर पाण्याची मारामार आणि मैदानावर फुफाटा, तिथं हे रोज पाळलं जाईल का, याचा आईनं प्रामाणिक विचार करावा. रोजची एक, वापरून फेकायची लेन्स मिळते. ती फक्त सामन्यांच्या दिवशी लावली तर धोका बराच कमी. आणि लक्षात असू द्या, लेन्स दृष्टी देते, मार अडवत नाही. क्रिकेट खेळणाऱ्या पोरीला लेन्स लावलीत तरी वरून संरक्षक चष्मा हवाच.

ऑपरेशन करून चष्मा घालवण्याबद्दल मला सारखं विचारतात. लेसर अठराच्या आधी करत नाहीत. अठरा झाल्यावरही नंबर किमान वर्षभर स्थिर असावा लागतो, बुबुळाची जाडी तपासावी लागते. नेहमीच्या लेसिकमध्ये बुबुळाचा एक पातळ पदर उचलून परत बसवतात. जोरदार मार लागला तर तो पदर सरकू शकतो. म्हणून कुस्ती-कबड्डीवाल्यांना डॉक्टर वेगळी पद्धत सुचवतात. भरतीला बसणाऱ्या मुलींनी तर आधी जाहिरातीतली डोळ्यांची अट शब्दन्‌शब्द वाचावी, मगच ऑपरेशनचा विचार करावा.

"चष्मा लावला की नंबर वाढतो" हे तर घरोघरी ऐकू येतं. नंबर वाढतो तो वयानं. पोराची उंची वाढते तसा डोळ्याचा गोळाही लांबतो. चष्मा न लावल्यानं तो थांबत नाही. मुद्दाम कमी नंबरचा चष्मा दिल्यानंही थांबत नाही. गाजर-पालक जरूर खाऊ घाला, रातांधळेपणा टळतो. पण चष्म्याचा नंबर गाजरानं उतरत नाही. नंबरचा वेग कमी करणारे थेंब आणि खास लेन्सचे चष्मे आता आले आहेत. ते डोळ्यांच्या डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायचे. आणि लहान मुलांचा नंबर दुकानातल्या मशिनवर पाच मिनिटांत काढून भागत नाही. डोळ्यांत औषध टाकून, बाहुली मोठी करून तपासावा लागतो. त्या दिवशी पोराला वाचता येत नाही, ऊन खुपतं. घाबरू नका, ते उतरतं.

या सगळ्यात गंमत पाहा. ज्या खेळापासून आपण पोरांना तोडतो, तोच खेळ डोळ्यांच्या बाजूचा आहे. तैवान देशात मुलांना चष्मे लागण्याचं प्रमाण फार वाढलं, तेव्हा २०१० पासून तिथल्या शाळांनी मुलांना रोज दोन तास उघड्यावर आणायला सुरुवात केली. त्यानंतर मुलांची नजर कमी होण्याचं चढतं प्रमाण खाली आलं. उघड्यावरचा लख्ख उजेड डोळ्याचा गोळा लांबण्याला आवर घालतो, असं तज्ज्ञ मानतात. चष्मा लागायच्या आधी याचा फायदा जास्त. म्हणजे मोठीला चष्मा लागला म्हणून धाकट्यालाही घरात कोंडणारी आई नेमकं उलटं करते. आमच्या वाशीमच्या वैशाखात भर दुपारी नका सोडू. सकाळी आणि उन्हं कलल्यावर सोडा. लिंबाच्या सावलीतसुद्धा घरापेक्षा कितीतरी जास्त उजेड असतो.

चष्मेवाले खेळाडू झाले नाहीत असंही नाही. नरेंद्र हिरवाणीनं १९८८ साली चष्मा लावूनच पहिल्या कसोटीत सोळा बळी घेतले. अनिल कुंबळे सुरुवातीला चष्म्यातच गोलंदाजी करायचा. अंशुमन गायकवाड चष्मा लावून वेस्ट इंडीजच्या तोफखान्यासमोर उभे राहिले. लिहिता लिहिता लक्षात आलं, नावं सगळी पुरुषांचीच निघाली. तर घ्या, अमेरिकेची बिली जीन किंग. चष्मा लावून तिनं विम्बल्डनचं एकेरीचं विजेतेपद सहा वेळा मिळवलं. तिच्या चष्म्याकडे बघून कुणी लग्नाची काळजी केली असेल का, देव जाणे.

तिची काळजी सोडू, आपली बघू. महाराष्ट्रात शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे. दहावी-बारावीला खेळाचे वाढीव गुण मिळतात. कोरडवाहू सोयाबीन-तुरीवर जगणाऱ्या घरातल्या मुलीला ही वाट लहान नाही. चष्म्यापायी ती बंद करताना बापानं एकदा तरी हिशेब करावा.

आणि सगळंच पैसे टाकून करायचं नाही. २०१३ साली आपल्याच पालघरहून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात वैद्यकीय पथक वर्षातून एकदा शाळेत येतं, अंगणवाडीत दोनदा. त्यात डोळेही बघतात. अंधत्व नियंत्रणाच्या कार्यक्रमातून गरजू विद्यार्थ्यांना मोफत चष्म्याची सोय आहे. पण पथक येतं त्या दिवशी पोर नेमकं शेतात नाहीतर मामाच्या गावाला. नंबर निघाला तर चिठ्ठी दप्तराच्या तळाशी. आम्ही गटातल्या बायकांनी आता एक ठरवलं आहे. पथकाची तारीख मुख्याध्यापकांकडून आधी काढायची आणि गटाच्या बैठकीत सांगायची. ज्या मुलांना पुढं तपासायला सांगितलंय त्यांची यादी मॅडमकडून घ्यायची आणि दोघी-तिघींनी मिळून त्यांना वाशीमच्या जिल्हा रुग्णालयात न्यायचं. आठवीतल्या त्या मुलीच्या आईलाही यादी धरायला बसवलंय. मोफत मिळालेल्या चष्म्याला पट्टा नसतो, तो गटाच्या पैशातून आणायचा. सध्या चार पट्टे आणून शाळेच्या कपाटात ठेवले आहेत. चेंडू आणि शिट्टीच्या शेजारी.

एक राहिलंच. मैदानावर डोळ्याला मार लागलाच, तर चोळू नका, दाबू नका, त्यात मध, तूप, दूध काहीही घालू नका. डोळ्यावर चहाचा कागदी कप उपडा ठेवून, तो डोळ्याला न टेकेल असा कडेनं चिकटवा आणि सरळ डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्या. दुखणं थांबलं तरी न्या. रात्र काढायची नाही.